शब्दाला सव्वा रुपया

वडगावात आमच्या बोळात सकाळी माग सुरू होतात,
खटक-खटक, खटक-खटक,
आणि मी लॅपटॉप उघडते.
शेजारच्या निंगव्वाला साडीमागे पैसे,
मला शब्दामागे.
तिची साडी निदान दोरीवर वाळत घालता येते.

कन्नडातून मराठीत:
पहाणी, वाटणीपत्र, मृत्युपत्र,
मिक्सरचं माहितीपत्रक, खोकल्याच्या औषधातली घडी.
'आणि'ला सव्वा रुपया.
'मयत'ला सव्वा रुपया.
'पूर्वेस ओढा, पश्चिमेस कल्लाप्पाचा बांध'
झाले सव्वासहा.
उत्तर-दक्षिण धरून माणसाची आख्खी चतुःसीमा
बारा-तेरा रुपयांत आटपते.

मार्चमध्ये कामं अशी कोसळली
की उजव्या हातात भाकरी, डाव्यानं टंकलेखन.
गिरणीत डबा नंबराला लावून उभी होते
तेव्हा फोन थरथरला: एकोणीस हजार चारशे.
पिठाच्या धुरळ्यात मी एकटीच हसत होते,
गिरणीवाला दोनदा म्हणाला, "जाड का बारीक?"
त्याच आठवड्यात आईला चष्मा, मला फिरती खुर्ची.
निंगव्वा मुद्दाम बघायला आली,
बसली, दोन गिरक्या घेतल्या, हात टेकून उतरली.
"चक्कर येऊलालंय गे," म्हणाली,
"ह्याच्यावर बसून काम कसं करूलास?"

एप्रिल.
खुर्ची फिरते.

'आपली शैली भावली. लवकरच कळवू.'
मी शैली घेऊन बसले आहे.
आई काही विचारत नाही,
फक्त गॅसचा नंबर लावायचा राहिलाय
हे तीनदा भिंतीला सांगते.
दुपारी हेस्कॉमवाले वीज नेतात, माग थांबतात,
त्या शांततेत मला बरं वाटतं,
याची मला लाज वाटते.

मग एक काम आलं. यंत्रानं आधीच केलेलं,
'तुम्ही नुसती नजर टाका, शब्दाला तीस पैसे.'
नुसती नजर टाकली.
कन्नडातली 'तायी', म्हणजे आई,
यंत्रानं तिची ताई केली होती
आणि खानापुराकडचे तीन गुंठे
एका रात्रीत बहिणीच्या नावावर गेले होते.
तीस पैशांत मी एका बाईला
परत आई केलं.
कुणाला कळलं नाही. तिलाही नाही.
त्या रात्री मात्र मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

हुबळीचे अंगडी म्हणतात, "नाळे हाकतीनरी, मॅडम."
पुण्याचे आपटीकर म्हणतात, "उद्या टाकतोच."
दोन राज्यांचा तंटा इतकी वर्षं,
उद्या तेवढा दोघांचा एक.

समोरच्या बंद घराच्या दारावर
खडूनं लिहिलेलं अजून पुसट दिसतं: नाळे बा.
मी लहान होते, तेव्हाची गोष्ट.
भूत रात्री दार वाजवायचं म्हणे,
म्हणून लोकांनी लिहून ठेवलं, उद्या ये.
भूत यायचं, वाचायचं, परत जायचं.
दुसऱ्या रात्री पुन्हा.
तेव्हा मला त्याची भीती वाटायची.
आता वाटतं, किती शिकलेलं,
किती सज्जन भूत.
एकदाही म्हणालं नाही
की काल तुम्ही हेच लिहिलं होतं.

रात्री पावणेबारा. फोन.
'अर्जंट. सहा पानं. सकाळी नऊच्या आत. जमेल?'
भाव विचारायचा, आगाऊ मागायचं,
मागची बाकी आठवण करून द्यायची,
हे सगळं मी भिंतीवर लिहून चिकटवलंय.
बोटांनी त्याआधीच 'हो' पाठवलं.

बोळात एकही माग चालू नाही.
आईच्या खोलीत दिवा लागला, चहाचं भांडं वाजलं,
गॅस अजून आहे म्हणायचा.
मी पहिलं पान उघडते:
'मी, खाली सही करणार, पूर्ण शुद्धीत,
कोणाच्याही दबावाशिवाय…'